फुकट शिकवतो, फक्त माणसं सोडा : गोवा पोलिसांना खुलं पत्र

मा. पोलीस महासंचालक साहेब, गृह खात्यातले सगळे वरिष्ठ, आणि खास करून प्रत्येक पोलीस स्टेशनचे पीआय साहेब, कारण ट्रेनिंगला माणूस सोडायचा की नाही ते शेवटी तुमच्याच हातात असतं,

नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला. पायदळातून रिटायर झालो, आता बागायत बघतो, थोडे काजू थोडी सुपारी, त्यात काय उरतं ते विचारू नका. माझ्यासारखेच सत्तरी, डिचोली, पेडणे आणि तिकडे काणकोणातले काही रिटायर्ड लोक आम्ही एकत्र आलोय. बरेचसे पायदळातले, काही नेव्हीतले, आणि एक आमचा नर्सिंग असिस्टंट, ज्याने सगळी नोकरी लोकांच्या जखमा बांधण्यात घालवली. सांगायचं ते एवढंच की गोव्यातले पोलीस, आयआरबीचे (इंडिया रिझर्व्ह बटालियनचे) जवान, होमगार्ड, आणि पाहिजे तर फॉरेस्ट गार्ड आणि अबकारीवाले सुद्धा, यांना आम्ही टॅक्टिकल ट्रेनिंग द्यायला तयार आहोत, हातात सामान देऊन, जमिनीवर झोपवून, घाम काढून, आणि त्याचा एक पैसा घेणार नाही. हेच आम्ही साध्या अर्जात लिहून एका ऑफिसात दिलं होतं, त्यावर आवकचा शिक्का बसला, कॉपी आम्हाला मिळाली आणि विषय तिथंच राहिला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, राग मानू नका.

फुकट म्हटल्यावर तुम्हाला संशय येणार, आणि यायलाच पाहिजे. उद्या कोणीतरी काळा टीशर्ट घालून, अंगावर सतरा खिसे लावून येईल आणि म्हणेल मी तुमच्या पोरांना कमांडो बनवतो, तर त्याला आधी गेटवर उभा करून चौकशी करा. फुकटात डेमो देऊन नंतर हेल्मेट आणि जॅकेटचं कोटेशन टेबलावर ठेवणारे लोक आम्ही पण पाहिलेत.

अमेरिकेत हा फुकट ट्रेनिंगचा प्रकार जुना आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू तिथं दिसतात. 1999 साली कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन पोरांनी गोळीबार केला तेव्हा पोलीस बाहेर घेरा टाकून स्वॅट टीमची, म्हणजे खास हत्यारबंद पथकाची, वाट बघत थांबले, तेव्हाची शिकवणच ती होती, आणि आत एक शिक्षक काही तास रक्त जाऊन जाऊन मेला. त्यानंतर तिथं शिकवण उलटी झाली, जो पहिला पोचेल त्याने आत जायचं, स्पेशल टीमसाठी थांबायचं नाही. हे शिकवायला 2002 मध्ये टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीत अलर्ट नावाचा प्रोग्रॅम सुरू झाला, तो सरकारी ग्रँटवर चालतो, म्हणून खेड्यातल्या दहा माणसांच्या ठाण्याला पण फीची चिंता नाही, आणि 2013 मध्ये एफबीआयने तोच कोर्स स्टँडर्ड म्हणून घेतला. ही झाली चांगली बाजू.

आता दुसरी. 2016 मध्ये मिनेसोटात फिलांडो कॅस्टिल नावाच्या माणसाला पोलिसाने गाडी थांबवून चेकिंग करताना गोळ्या घातल्या. तो पोलीस आधी एका 'वॉरियर' टाइपच्या क्लासला बसून आलेला, जिथं समोरचा प्रत्येक माणूस तुला मारायलाच आलाय असं धरून चालायला शिकवतात. पुढं 2019 मध्ये तिथल्याच मिनियापोलिस शहराच्या मेयरने असल्या ट्रेनिंगवर बंदी घातली, तर पोलिसांची युनियन पुढं आली आणि म्हणाली, ज्याला पाहिजे त्याला आम्ही हे फुकट देतो. आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरात जॉर्ज फ्लॉइड मेला, पोलिसाच्या गुडघ्याखाली. त्या क्लासमुळेच तो मेला असं मी म्हणत नाही, तेवढं मला कळतं. पण फी किती यापेक्षा शिकवणार काय आणि कोण, हे तुम्ही आम्हाला आधी विचारलं पाहिजे, आणि आम्ही ते इथं सांगतो.

सुरुवात बंदुकीने नाही. पहिले दोन तास रक्त थांबवायचे.

टूर्निकेट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हिडिओत बघितलं असेल. काळा पट्टा, त्याला एक छोटी आडवी काठी, काठी अडकवायला खाच, आणि वेळ लिहायला पांढरी पट्टी. हात किंवा पाय फाटला, रक्त उसळून येतंय, तर जखमेच्या वर दोन-तीन इंच सोडून पट्टा घालायचा, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. आधी पट्टा हाताने होईल तेवढा खेचायचा आणि इथंच सगळे चुकतात, पट्टा ढिला ठेवतात आणि काठी फिरवत बसतात, मग कितीही पीळ द्या, रक्त चालूच. नीट खेचलेला असला तर दोन-तीन पिळात रक्त थांबतं. आणि माणूस बोंबलायला लागतो, कारण ते खरोखर दुखतं. तो बोंबलला की नवीन पोरगा घाबरून पीळ सोडतो. सोडायचा नाही. काठी खाचेत अडकवायची, वेळ लिहायची, आणि डॉक्टरच्या हातात देईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हे वाचून समजतं पण येत नाही, खुर्चीवर बसून पोहायला शिकल्यासारखं आहे ते.

ओळखीतला एक पोरगा पोलिसात आहे, नवीनच लागलाय. त्याला आमच्या नर्सिंगवाल्याने अंगणात बसवलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला, हाताला साबणाचं पाणी लावलं, कारण रक्त निसरडं असतं, आणि म्हणाला आता स्वतःच्या मांडीवर लाव, एका हाताने. पोरगा जिमवाला, दंड असे, पण पट्टा हातातून सुटत राहिला, तीनदा चुलीकडे जाऊन पडला. नंतर जमलं. जमलं तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाला, "हें आमकां पयलीं कोणेंच शिकयलें ना." त्याचा काय दोष त्यात? वाळपईच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये बेसिक होतं, त्यावर मी काही बोलत नाही. बेसिकनंतरच्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत हात किती वेळा चालले, तो प्रश्न आहे. आणि हे फक्त इथलं दुखणं नाही, देशभर पोलिसांच्या बजेटातला जेमतेम एक-दीड टक्का पैसा ट्रेनिंगवर जातो.

मांडीची मोठी शीर तुटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत जातो. 108 वाले धावतात, त्यांना नाव ठेवायला जागा नाही, पण केरीला किंवा चोर्ल्याच्या वळणावर काही झालं तर बांबोळीचं जीएमसी हॉस्पिटल कुठं आणि आपण कुठं. आणि टूर्निकेट लागायला अतिरेकीच यायला पाहिजेत असं थोडंच आहे? गोव्यात रस्त्यावर वर्षाला अडीचशेच्या वर माणसं मरतात. अपघाताच्या जागी पहिला युनिफॉर्म कोणाचा पोचतो? ट्रॅफिकवाल्याचा नाहीतर आउटपोस्टच्या शिपायाचा. त्याच्या खिशात टूर्निकेट आणि हातात सवय असली तर वर्षाकाठी दोनचार घरं वाचली तरी आमचं सगळं शिकवणं वसूल.

मग हत्यार. त्यात पण गोळी मारणं नंतर, आधी हत्यार धरणं.

एका नाक्यावर, नाव घेत नाही, रात्री माझी गाडी थांबवली. शिपाई सभ्य, बोलायला चांगला. एका हातात टॉर्च, त्याच हाताने माझं लायसन धरलेलं, दुसऱ्या हातात रायफल, नळी बाजूच्या होमगार्ड बाईच्या पोटरीकडे आणि बोट ट्रिगर गार्डच्या आत. मी गाडीत बसूनच म्हटलं, "बाबा, बोट बाहेर काढ." तो हसला आणि काढलं. चांदमारी, म्हणजे गोळीबाराची प्रॅक्टिस, शेवटची कधी झाली विचारलं तर परत हसला. त्या पोराला शिक्षा करून काही होणार नाही. त्याच्या हाताला सवय लावली पाहिजे आणि सवय लावायला एक राउंड पण खर्च होत नाही. आमच्याकडे रबराची डमी हत्यारं असतील, निळ्या रंगाची, लांबून ओळखू येतात. खरं हत्यार आणि खरी गोळी ट्रेनिंगच्या कंपाउंडच्या आत येणार नाही, तुमचं पण नाही आणि आमचं तर नाहीच, गेटवर एक माणूस फक्त तेच तपासायला उभा असेल. बोट कुठं, नळी कुठं, स्लिंग कशी, एका हाताने मॅगझीन कसं बदलायचं, अडकलेला राउंड कसा काढायचा, हे शंभर वेळा, दोनशे वेळा, कंटाळा येईपर्यंत. आर्मीत आम्हाला उस्ताद हेच करायला लावायचे आणि आम्ही मनात शिव्या द्यायचो.

त्याच्या पुढं नाका. गाडी थांबवायची कुठं, दिव्याखाली की अंधारात. ड्रायव्हरशी बोलणारा त्याच्या दरवाज्यासमोर उभा राहत नाही, थोडा मागं राहतो, म्हणजे ड्रायव्हरला मान वळवून बघावं लागतं. दुसरा माणूस पलीकडच्या बाजूने मागच्या सीटवर नजर ठेवतो आणि मोबाइल बघत नाही. इंजिन बंद, आतला लाइट चालू, हात स्टिअरिंगवर दिसले पाहिजेत. आणि हे सगळं करताना तोंडात गोडवा, कारण पत्रादेवी असो, मोले असो की पोळे, शंभरातल्या नव्व्याण्णव गाड्यांत फिरायला आलेली माणसं असतात, बायकापोरं झोपलेली असतात. सभ्यपणे बोलूनही सावध राहता येतं, ते आम्ही शिकवतो. वॉरियरवाल्यांचं आणि आमचं इथंच जमत नाही.

नाक्यावर एवढा जोर का देतो? 26/11 ला, 2008 मध्ये, मुंबईत काय झालं बघा. सीएसटीवर पन्नासहून जास्त माणसं मारून, कामा हॉस्पिटलजवळ करकरे, कामटे, साळसकर साहेबांना मारून कसाब आणि त्याचा साथीदार गाडी घेऊन पुढं निघाले, आणि त्यांना अडवलं कोणी? कमांडोंनी नाही. गिरगाव चौपाटीला ठाण्याच्या माणसांनी लावलेल्या नाकाबंदीने. तिथं बहुतेकांकडे काठ्या आणि मोजकी पिस्तुलं. तुकाराम ओंबळे, एएसआय, हातात काठी, त्यांनी कसाबच्या एके-47 ची नळी धरली आणि सोडली नाही, सगळ्या गोळ्या पोटात घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. एनएसजी, म्हणजे केंद्राचे कमांडो, मानेसरहून निघून दिल्लीला, दिल्लीहून विमानाने मुंबईला, ऑपरेशनला लागेपर्यंत सकाळ झाली. पुढं 2009 मध्ये मुंबईला एनएसजीचा हब झाला, बरं झालं. पण तिथून गोव्यात यायचं म्हणजे ऑर्डर, विमान, दाबोळी किंवा मोपा, आणि तिथून रस्ता, त्यात सीझन असला तर कळंगुटचा ट्रॅफिक, तो काय सांगायचा. तोपर्यंत जे काय करायचं ते ठाण्याच्या शिपायाने करायचं आहे. ओंबळे साहेबांना आपण अशोकचक्र दिलं, ते मोठंच आहे, पण दरवेळी शिपायाने छातीनेच नळी अडवावी अशी अपेक्षा ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

2016 मध्ये ब्रिक्सची समिट इथं झाली तेव्हा काय काय सिक्युरिटी आली होती ते सगळ्यांनी पाहिलं. समिट झाली, पाहुणे गेले, सिक्युरिटी गेली. बाकी बंदोबस्त आहेच, इफ्फी आहे, ओल्ड गोव्याचं फेस्त आहे, कार्निव्हल, शिगमो, नरकासुराची रात्र, तो आपल्याच माणसांच्या खांद्यावर.

आणि टॅक्टिकल म्हणजे नुसती मारामारी असं कोणी समजू नये, आमच्या बॅचमध्ये एक अख्खं सेशन गर्दीचं आहे. 2025 च्या मे महिन्यात शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, डिचोलीत तर प्रत्येकाच्या ओळखीत कोणी ना कोणी त्या रात्री तिथं होता. उतारावरची गर्दी आणि सपाटीवरची गर्दी वेगळी वागते. खांद्याला खांदे लागून माणूस स्वतःच्या पायाने चालायचा बंद होतो आणि गर्दीच्या धक्क्याने हलायला लागतो, तेव्हा शिट्टी मारून किंवा काठी दाखवून काही होत नाही, उलट पुढचे मागं रेटतात आणि मागच्यांना काहीच दिसत नसतं. त्याच्या आधी, मागच्या टोकाला, येणारा लोंढा थांबवावा लागतो, आणि पुढच्या माणसाने मागच्या माणसाला ते कळवायला वायरलेसवर कोण काय बोलणार हे आधी ठरलेलं पाहिजे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागली, 25 माणसं गेली, बहुतेक तिथं काम करणारी पोरं. परवाने आणि बाकीचं कोर्ट बघेल, मी त्यात पडत नाही. पण अशा ठिकाणी पोचल्या पोचल्या गाड्या कुठं थांबवायच्या, अग्निशमनच्या बंबाला अरुंद रस्ता मोकळा कसा ठेवायचा, बाहेर आलेल्या जखमींची एका जागी रांग कशी लावायची आणि आधी कोणाला उचलायचं, बोंबलणाऱ्याला की गप्प पडलेल्याला, याची प्रॅक्टिस करता येते. आम्ही करून घेतो. (गप्प पडलेल्याकडे आधी बघायचं असतं. बोंबलतोय तो श्वास घेतोय.)

हे सगळं करायला जागा लागते, तर ती पण शोधून ठेवलीय. पटसंख्या नाही म्हणून बंद पडलेल्या सरकारी प्राथमिक शाळा आमच्याकडे आहेत, दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढं थोडं मैदान. खोलीत शिरायची प्रॅक्टिस करायला याच्यासारखी जागा नाही. दारात उभं राहायचं नाही, दार म्हणजे सगळ्यात वाईट जागा, मागून उजेड येत असतो आणि आतल्याला तुम्ही फोटोफ्रेममध्ये असल्यासारखे दिसता. आधी बाहेरूनच कोपऱ्याकोपऱ्याने जेवढी खोली बघता येईल तेवढी बघायची, मग आत, आणि आत गेल्यावर पहिल्याने एका कोपऱ्यात, दुसऱ्याने दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांनी एकमेकांच्या नळीसमोर यायचं नाही. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं की पहिल्या दहा वेळा दोघं एकाच कोपऱ्यात जाऊन आदळतात आणि सगळे हसतात, हसू दे, इथं हसलेलं परवडतं.

आता मुख्य अडचण. पैसा ही अडचण नाही, ते तर आम्ही मागतच नाही. माणूस सुटत नाही ही अडचण आहे. मला माहीत आहे पीआय साहेब तुम्ही काय म्हणणार. स्टाफ आधीच कमी, त्यात कोर्टात दोघं, समन्सला एक, रात्रपाळीचे झोपलेले, एक मंत्री फीत कापायला येतोय तिथं पाच गेले, वर कोणाच्या तरी लग्नाचा ट्रॅफिक, आणि त्यात तुम्ही म्हणता पंधरा माणसं दिवसभर द्या. खोटं नाही ते. म्हणून आम्ही पंधरा माणसं एका ठाण्यातून मागत नाही, पाच ठाण्यांतून तीन-तीन मागतो. आणि सीझनमध्ये तर मागतच नाही. ऑक्टोबर ते मार्च तुम्हाला श्वास नसतो. पावसात, जूनपासून चवथीपर्यंत, बीचवर लाल बावटे लागलेले असतात, टुरिस्ट कमी, तेव्हा द्या. मधे सांजावचा सण आहे, विधानसभेचं अधिवेशन आलं की तिथं बंदोबस्त आहे, ते दिवस सोडून देऊ. पावसात ट्रेनिंग बरंच होतं, चिखलात लोळल्याशिवाय माणसाला आपला बूट कसा आहे ते कळत नाही.

एक विनंती मात्र हात जोडून. त्या दिवसाची ड्युटी लावा. रजा टाकून या, वीकली ऑफला या, असं सांगू नका. रात्रपाळी करून सकाळी आलेला माणूस दुपारी डमी हत्यार घेऊन उभ्या उभ्या झोपतो आणि ते धोक्याचं पण आहे. होमगार्डचं तर आणखी अवघड, त्यांना ड्युटीच्या दिवसाचेच पैसे मिळतात. ज्या दिवशी ट्रेनिंगला येणार त्या दिवसाचा भत्ता बुडणार असेल तर आमचं फुकट ट्रेनिंग त्या बाईला एक दिवसाच्या कमाईला पडलं, आणि ती का येईल? तो भत्ता सरकारने द्यावा. आमच्या बाजूने जे करता येतं ते करू, जेवण आम्ही घालतो, भात, आमटी, सुकं मासळीचं काहीतरी, शाकाहारी असेल तर आधी सांगा. पण भत्ता आम्ही देऊ शकत नाही, आणि देणं बरं पण दिसणार नाही.

दुसरी विनंती, पाठवायची माणसं कोण ते. ट्रेनिंगची ऑर्डर आली की ज्याच्यावाचून ठाण्यात काही अडत नाही तोच पाठवायचा, ही पद्धत सगळ्या खात्यांत आहे, आर्मीत पण होती, नाकारत नाही. तसं करू नका. जो उद्या रात्री नाक्यावर उभा राहणार आहे तो पाठवा. बीचवरची होमगार्ड पाठवा. महिला शिपाई पाठवा, आमच्याकडे शिकवायला दोन महिला आहेत, एक त्यातली आर्मी नर्सिंगमधली. आणि जमलं तर पीआय साहेब, तुम्ही स्वतः एका बॅचला या, मागं खुर्ची टाकून बसायला नाही, जमिनीवर. माणसं काय शिकून आली ते साहेबाला माहीत नसलं तर परत ठाण्यात गेल्यावर सगळं पहिल्यासारखंच चालतं.

सर्टिफिकेट हवं असेल तर देऊ, पण त्याच्यावर फार विसंबू नका. टेक्सासमध्येच उवाल्डेला 2022 मध्ये शाळेत गोळीबार झाला, 19 मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. 376 पोलीस जमले होते आणि 77 मिनिटं गेली आत शिरायला. तिथल्या शाळेच्या पोलिसांचं याच विषयावरचं ट्रेनिंग दोनच महिन्यांपूर्वी झालेलं. म्हणजे अलर्टच्या स्वतःच्या राज्यात ही गत. तिथं कमांड कोणाकडे हेच ठरत नव्हतं, प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणीतरी सांगेल. म्हणून आमच्या ट्रेनिंगमध्ये शेवटच्या तासाला आम्ही मुद्दाम सीनियर माणसाला 'मेला' म्हणून बाजूला बसवतो आणि बघतो पुढं कमांड कोण घेतो. सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो. आणि एकदा करून पण भागत नाही, सहा महिन्यांनी परत अर्धा दिवस पाहिजे.

आमची चौकशी करा. प्रत्येकाचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, आधार, सगळं देतो, तुमच्या स्पेशल ब्रँचला घरी पाठवा, शेजाऱ्यांना विचारू द्या. शिकवायचं काय ते पानापानाने लिहून आधी तुमच्याकडे देऊ, तुम्ही त्यातलं जे नको ते काढा. तुमचा एक अधिकारी पूर्ण वेळ तिथं बसू दे. पोलीस आणि फौज यात फरक आहे हे आम्हाला कळतं, आमच्यासमोर शत्रू असायचा, तुमच्यासमोर नागरिक असतो, आणि पकडलेला माणूस कोर्टात उभा करायचा असतो. म्हणून बळ किती वापरायचं, बेड्या कधी घालायच्या, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत काय आहे, न्याय संहितेतला स्वसंरक्षणाचा हक्क कुठपर्यंत, हे सांगायला आम्ही वकील बोलावणार आहोत, त्यांनी पण फी नाही म्हणून सांगितलंय. आम्ही काही विकत नाही. टीशर्ट नाही, जॅकेट नाही, टूर्निकेट सुद्धा कुठल्या कंपनीचं घ्या ते सांगणार नाही, फक्त बनावट कसं ओळखायचं ते दाखवू, कारण ऑनलाइन स्वस्तात मिळतं त्याची काठी पीळ देताना मोडते. फोटो काढणार नाही, रील करणार नाही, आणि तुमच्या ठाण्यात माणसं किती, हत्यारं किती, हे विचारणार नाही, कोणी सांगायला लागला तर गप्प करू.

रिटायर्ड फौजी पोलिसांना शिकवतो यात नवीन काही नाही. छत्तीसगडमध्ये कांकेरला 2005 पासून पोलिसांसाठी जंगल वॉरफेअरचं कॉलेज आहे, ते उभं केलं एका आर्मीच्या ब्रिगेडियरनेच. मिझोराममधल्या वैरेंग्टेच्या आर्मी स्कूलमध्ये पोलीस जातात. आणि आपल्याला तर लांब पण जायला नको, बेळगावला आर्मीचा कमांडो कोर्स चालतो, चोर्ला घाट चढून गेलं की आलंच. तिकडे अधिकृत पत्र पाठवून तुमच्या चार चांगल्या पोरांना पाठवता आलं तर आमच्यापेक्षा शंभर पटीने बरं. ते आमच्याकडून होणार नाही, सरकारकडून सरकारकडे जायला पाहिजे. ते होईपर्यंत आम्ही आहोत.

तुम्हाला नको असेल तर नको म्हणून कळवा, एक ओळ पुरे, आम्ही शेजारच्या पंचायतींच्या पोरांना फर्स्ट एड शिकवायला लागू, ते काम पण पडूनच आहे. हो असेल तर मे संपायच्या आत एक अधिकारी वाळपईला पाठवा, त्याला शाळा दाखवतो. येताना पीडब्ल्यूडीचा कोणी ज्युनिअर इंजिनिअर गाडीत घालून आणला तर फार उपकार होतील, मागच्या खोलीचं छप्पर गळतं आणि शाळेची चावी कुठल्या खात्याकडे आहे यावर अजून दोन ऑफिसांचं एकमत नाही.

आपला,
एक रिटायर्ड सुभेदार, सत्तरी
(आणि सोबतचे सगळे. नावं, नंबर आणि कागद आवक शिक्का मारलेल्या त्या अर्जाला जोडलेले आहेत, तो सापडला तर.)